पाटकरी काकांचं बेसिन

आमच्या कोल्हारच्या घरमालकांवर माझा राग आहे. होता नव्हे, आहे. त्यांची खोली सोडून आता वर्ष होत आलं, तरी दात घासून झाल्यावर बेसिनमधलं पाणी झटक्यात निघून गेलं की मला ते आठवतात आणि सकाळी सकाळी डोकं तापतं. एका म्हाताऱ्या बाईचं मनगट मोडलं. या माणसानं वेळेवर दोन वाक्यं तोंडातून काढली असती तर ते मोडलं नसतं. आणि बोलता येत नव्हतं असंही नाही. पाण्यावर बोलायला बसले की समोरच्या चहावर साय धरायची.

ते पाटकरी होते. कालव्याला पाणी सुटलं की चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, उभं राहून कुणाच्या शेतात किती वेळ पाणी जायचं ते बघणारा, गेट उघडणारा आणि बंद करणारा माणूस म्हणजे पाटकरी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गाव त्यांना पाटकरीच म्हणायचं आणि त्यांना ते आवडायचं. मी काका म्हणायचे. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून ते मला बाई म्हणायचे. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, पण 'अहो बाई' सोडून दुसरी हाक त्यांनी मला कधी मारली नाही. इतका मान देता येतो, मग दोन वाक्यं सांगायला काय धाड भरली होती?

घर दुमजली. वर माझी खोली, स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणीघर. खाली पुढच्या बाजूला काका एकटे राहायचे. मागच्या बाजूला, बरोबर माझ्या न्हाणीघराखाली, जुन्या भाडेकरू मावशींची एक खोली आणि त्यांचं न्हाणीघर. मावशी पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता गोधड्या शिवायच्या. डावा पाय खुब्यातून अधू झालेला, त्यामुळे वॉकर धरून चालायच्या आणि आंघोळ पाटावर बसून करायच्या. त्यांना पुढेमागे कुणी नव्हतं. मी शाळेतून आले की खिडकीतूनच विचारायच्या, "आज काय शिकवलं पोरान्ला?" मी सांगितलं की म्हणायच्या, "मला न्हाई कळलं, पन बरं वाटलं."

खोली बघायला गेले तेव्हाच न्हाणीघरात बेसिनच्या वर एक पत्र्याची पाटी दिसली होती. पिवळ्या पत्र्यावर काळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं: 'बेसिनचे पाणी सावकाश जाते. सावकाश वापरावे. हुकुमावरून.' मला हसू आलं. म्हातारा गमतीदार दिसतोय, म्हटलं. आठ दिवसांत हसू पार मावळलं. दोन ओंजळी तोंडावर मारल्या की तिसरी ओंजळ आधीच्याच फेसात पडायची. दात घासून चूळ भरली की ती समोर तरंगत राहायची. साडेसहाला पाणी सोडायला सुरुवात केली तर सात वाजता शाळेला निघताना तळाशी दोन बोटं पाणी असायचंच. मग मी जाताना त्याला नमस्कार करून जायचे.

मी खाली जाऊन तक्रार केली. तर काका चप्पल जिन्यात काढून, हातात झेंडूची एक पाकळी घेऊन वर आले. बेसिन भरायला लावलं, पाकळी पाण्यावर सोडली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. कालव्याच्या पाण्याचा वेग असा मोजतात म्हणे. पाकळी एका जागी विचार करत बसली. मग थोडी सरकली. काकांचा चेहरा उजळला.

"पानी चालतंय, बाई. थांबलेलं न्हाई. चालतंय."

"काका, चालतंय तर गोगलगायही!"

"ती बी पोचती की."

असलं उत्तर ऐकून दात-ओठ खाण्यापलीकडे काय करणार? मी म्हटलं, नळकाम करणारा बोलवा. ते म्हणाले, बघू. मी स्टँडजवळच्या दुकानातून स्वतःच एकाला विचारलं. तो हातातला पान्हा खाली ठेवून म्हणाला, "पाटकऱ्याच्या घरी? न्हाई बा, म्याडम. त्यांच्या पाईपाला हात लावलेला त्यांना खपत न्हाई. मागं एकाला जिन्यातून खाली घातलाय." मी काकांना विचारलं, घातला होता का? तर म्हणाले, "खाली घातला न्हाई. त्यो सोताच उतरला, जरा घाईत."

मग मी माझे उपाय सुरू केले. उकळतं पाणी ओतलं. धुण्याचा सोडा आणि लिंबू घालून बघितलं. वर्गात मुलांना दाखवते तसा फेस आला, टाळ्या वाजवायला मुलं तेवढी नव्हती. रबरी पंप आणून दाबला. सायकलच्या ब्रेकची तार आत घातली तर केसांचं एक वेटोळं बाहेर आलं. तेवढ्यात काका दारात. केस बघितले आणि खाली गेले. मला वाटलं, आता तरी पटलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येते तर बेसिनशेजारी भिंतीत एक खिळा ठोकलेला आणि खाली खडूनं लिहिलेलं: 'केस येथे.' वर तोंडी निरोप, की भांडेवाली केसांवर वाटी देते, फुकट घालवू नका. माझ्या केसांचा हिशोब माझ्या घरमालकानं ठेवावा! त्या दिवशी मी इतकी संतापले की मावशींच्या खिडकीशी जाऊन मोठमोठ्यानं बोलले, सगळ्या वाड्या-वस्तीला ऐकू जावं म्हणून. मावशी सुई थांबवून ऐकत होत्या. काहीतरी बोलायचं असल्यासारखं त्यांनी तोंड उघडलं, मग म्हणाल्या, "त्याचं तसलंच हाय. तू मनावर नको घेऊस." आणि पुन्हा टाका घातला.

काकांकडे एक काठी होती. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची, इंचांच्या खुणा केलेली. कालव्यातलं पाणी मोजायची ती सरकारी पट्टी नव्हे, तशी त्यांनी घरी करून घेतलेली. रोज सकाळी ती गच्चीवरच्या टाकीत, मग अंगणातल्या पिंपात, मग मावशींच्या हौदात बुडायची. एका लग्नात म्हणे आमटीच्या पातेल्याकडे निघाले होते, आचाऱ्यानं हात धरला. पाहुण्याला पाणी द्यायचे ते अर्धा ग्लास. प्यायलं की पुन्हा अर्धा. उष्टं पाणी ओतून द्यावं लागलं की त्यांना ते दिवसभर लागायचं.

आणि तक्रारीची तपासणी करायची त्यांची एक रीत होती, तिनं तर माझा अंत बघितला. तक्रार वरून आली की आधी खाली जायचं. बेसिन माझ्याकडे तुंबलंय, तर हा माणूस पहिल्या रविवारी अंगणातल्या गटाराचं झाकण उघडून त्यात डोकावत बसला. दुसऱ्या रविवारी मावशींच्या न्हाणीघरात जमिनीतल्या जाळीशी उकिडवा बसला आणि तिथून मला हाका मारायला लागला. "सोडा!" मी वर नळ सोडायचा. "बंद!" मी बंद करायचा. असं अर्धा तास. मग आनंदानं वर येऊन सांगितलं, "खाली काय बी न्हाई, बाई. सगळं ठीक हाय."

"अहो काका, खाली काही नाही हे मला माहीत आहे! जे आहे ते वर आहे. इथं, माझ्या नाकासमोर!"

"वरच्याची तक्रार म्हंजे काय असती? पानी कमी वेगानं चाललंय. खालच्याची तक्रार म्हंजे पीक गेलं. म्हनून आधी टेल बघायची."

टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक. त्यांच्या बोलण्यात देवापेक्षा टेलचं नाव जास्त. त्यांची स्वतःची दीड एकर जमीन टेललाच होती. पाणी सुटलंय हे आम्हाला ऐकून कळायचं, डोळ्यानं कधी दिसायचं नाही, असं ते सांगायचे. सगळं मान्य. पण मी बेसिनबद्दल बोलत होते! तिसऱ्या रविवारी त्यांनी बेसिनखाली बॅटरी मारली, तिथल्या बाटलीसारख्या प्लॅस्टिकच्या सांध्याला हातही न लावता उठले आणि म्हणाले, "ठीक हाय." नववीच्या पोराला सांगितलं असतं तर त्यानं आधी तो सांधा उघडला असता.

टेलच्या या वेडापायी त्यांनी मला शाळेतही मान खाली घालायला लावली. गॅदरिंगचं जेवण होतं. मैदानात लांबलचक पंगत. पहिल्या टोकाला संस्थेचे पाहुणे, गावातली वजनदार माणसं, मग शिक्षक, मग मुलं, आणि अगदी शेवटी, कुंपणाजवळ, ऊसतोड कामगारांची मुलं. ती दिवाळीनंतर येतात आणि हंगाम संपला की जातात, त्यामुळे पंगतीतही ती कायम शेवटीच असतात. वाढपी जिलबीचं घमेलं घेऊन पाहुण्यांकडे निघाला, तर काका ताटावरून उठले, त्याच्या खांद्याला धरलं, गरकन वळवलं आणि कुंपणाकडे चालवलं. "तिकडनं सुरू कर." पाहुणे हात आखडून बसले. मुख्याध्यापक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुमचे घरमालक ना हे?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी उठून काकांना म्हटलं, काय चाललंय हे? तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, जिलबी तोंडाकडनं वाढत आली की शेवटाला नुसता पाक येतो. मी खाल्लाय त्यो." त्या दिवशी कुंपणाजवळची पोरं जिलबीला हात लावायलाच तयार होईनात, कुणी रागावेल म्हणून. आपल्या शाळेचं हे चित्र बघून मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला तो काकांचा.

आता त्या शनिवारचं सांगते.

माझे वडील, तात्या, मला भेटायला आले होते. आमचं गाव कालव्याच्या तोंडाशी. पाणी सुटलं की पहिल्यांदा आमच्या बांधाला लागतं. काका त्या दिवशी लेकीकडे मिरजगावला गेलेले, दुसऱ्या दिवशी येणार होते. मी अर्ध्या दिवसाची शाळा करून आले, तर तात्या बेसिनपाशी दाढी करत होते आणि साबणाच्या फेसाकडे बघून हसत होते.

"हे बेसिन हाय का पाझर तलाव गं?"

मी माझी सगळी रड त्यांच्यापुढे ओतली. पाकळी, तार, खिळा, पाटी, रविवार, सगळी. माझ्या बाजूनं बोलणारं माणूस मला कितीतरी दिवसांनी भेटलं होतं. तात्यांनी बाह्या सारल्या, खाली बसले, बाटलीसारखा सांधा हातानंच फिरवून काढला आणि भिंतीत जाणाऱ्या पाईपात बोट घातलं. मग पक्कड मागितली. ओढून बाहेर काढलं ते एक लाकडी बूच. बाभळीचं, नीट तासलेलं, भोवती सायकलच्या ट्यूबचा पट्टा आवळलेला, आणि मधोमध पेन्सिल जाईल एवढं एकच भोक. अख्ख्या बेसिनचं पाणी त्या भोकातून जात होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुद्दाम! दीड वर्ष हा माणूस माझ्या न्हाणीघरात फुलं सोडत उभा राहिला, माझे केस मोजले, आणि बूच त्यानंच मारलेलं!

तात्या मात्र खूश होते. बूच तळहातावर उलटं-पालटं करत म्हणाले, "पाटकऱ्याचा हात हाय. आमच्या मोरीला बी अशीच भोकाची फळी बसवून जायचे. जन्मात लई उपटल्या मी असल्या."

हे मला माहीत होतं. लहानपणी कितीदा बघितलं होतं. पाटकरी मोरीला, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायच्या तोंडाला, फळी बसवायचा, सांगायचा की खाली टेलला पाणी पोचलं नाही, दोन दिवस दम धरा. तात्या म्हणायचे, "व्हय व्हय, आपन कशाला हात लावतोय." मी घरून चहा घेऊन यायचे. पाटकरी बांधावर बसून चहा प्यायचा, सायकलवर टांग टाकायचा आणि वळणापलीकडे दिसेनासा झाला की तात्या धोतर खोचून पाटात उतरायचे. आम्हा पोरांना ती मोठी मर्दुमकी वाटायची. फळी निघाली की पाणी जो आवाज करतं, तो आवाज मला अजून आवडतो.

तोच आवाज बेसिननं केला. तात्यांनी सांधा परत बसवला, जाळीवर बशी उपडी ठेवून बेसिन काठोकाठ भरलं आणि बशी काढली. पाणी गर्रकन फिरून गिळल्यासारखं नाहीसं झालं. मी टाळी वाजवली. तात्यांनी पुन्हा भरलं, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि आईला पाठवला. तिसऱ्यांदा मी भरलं. आम्ही दोघं हसत होतो. तिसरं पाणी जात होतं तेव्हा खालून पातेलं आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मावशींचं "अगं आई गं!"

मी कशी खाली गेले मला आठवत नाही. मावशी न्हाणीघरात भिंतीशी पडल्या होत्या, अंगाला ओलं लुगडं कसंबसं धरून, उजवा हात पोटाखाली. जमिनीवर बोटभर फेसाळ पाणी होतं आणि जाळीतून अजून वर येत होतं. त्या फेसात तात्यांच्या दाढीचे पांढरे केस तरंगत होते. त्या आंघोळीला बसल्या होत्या. जाळीतून पाणी उसळायला लागलं तशा घाईनं वॉकर धरून उठायला गेल्या, आणि साबणाच्या पाण्यावरून पाय सरकला.

मी त्यांना उठवायला वाकले, तर त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल?

"बूच काढलं व्हय गं?"

मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी पलस्तर घातलं. परत आणून खाटेवर निजवल्यावर मावशींनी जे सांगितलं, ते मी खोली घेतली त्या दिवशी मला कुणीतरी सांगायला हवं होतं. वरचं बेसिन मागाहून बसवलेलं. गवंड्यानं सोपा मार्ग म्हणून त्याचा पाईप मावशींच्या न्हाणीघराच्या पाईपाला जोडून दिला आणि त्या पाईपाला ढाळच पुरेसा नाही. वरून पाणी जोरात आलं की ते पुढे जाण्याऐवजी त्यांच्या जाळीतून वर चढतं. दुरुस्त करायचं तर त्यांच्या खोलीची सगळी फरशी उखडायला हवी, महिनाभर त्यांना दुसरीकडे राहायला हवं. काका तयार होते. मावशी तयार नव्हत्या.

"एकदा भाईर पडलेलं मानूस परत आत येतंय का, बाई? मी म्हनलं, माझी लाकडं गेल्यावर फोड तुझी फरशी."

मग बेसिनच काढून का टाकलं नाही, मी विचारलं. तेव्हा वरती भाडेकरू होता, तो ऐकेना. त्याला काकांनी सगळं नीट समजावून सांगितलं, बूच मारलं. तो हो म्हणाला. चार दिवसांनी काकांची पाठ वळल्यावर त्यानं नळवाल्याकडून ते काढून घेतलं. मावशींचा खुबा तेव्हा गेला. जिन्यातून घाईत उतरलेला नळवाला तो हाच.

तात्या उंबऱ्याशी उभे राहून ऐकत होते. ते आत गेले, खराटा घेतला आणि मावशींचं न्हाणीघर घासायला लागले. आमच्या घरी त्यांनी कधी स्वतःचं ताट उचललेलं मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी फरशी तीनदा धुतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका एसटीनं आले. मावशींचा हात बघितला. वर आले, बेसिनखाली वाकले, उठले. मला वाटलं, आता ओरडतील, आणि मी त्याची वाटच बघत होते, कारण रात्रभर मला स्वतःचं तोंड बघवत नव्हतं आणि कुणावर तरी चिडल्याशिवाय सुटका नव्हती. ते ओरडले नाहीत. मग मीच ओरडले.

"तुम्ही मला सांगितलं का नाही? दीड वर्ष! सोडा-बंद, सोडा-बंद, माकडासारखं नाचवलंत मला! एकदा म्हणाला असतात की मावशींच्या खोलीत पाणी चढतं, तर मी त्या बेसिनला शिवले तरी असते का?"

"आधीच्याला सांगितलं हुतं."

"मी आधीची नाही!"

"न्हाई. तुमी न्हाई." मग ते तात्यांकडे वळले. "पाव्हनं, गाव कोनचं तुमचं?"

तात्यांनी गावाचं नाव सांगितलं.

"म्हंजे तोंडाची मानसं तुमी," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "बाई, सारी नोकरी मी बांधावर हुबं ऱ्हाऊन सांगत आलो. म्हनलं, खाली बी मानूस हाय, त्याचं पीक जळतंय. समदे व्हय व्हय म्हनले. च्या पाजला. आन् माझी सायकल वळली की गेट उचललं. एकानं सुद्दा ठिवलं न्हाई. इचारा वडलांना. सांगून पानी खाली जात न्हाई, बाई. बूच मारलं तर जातं."

तात्या जमिनीकडे बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर चहाची किटली आली, जी मी बांधावर नेत होते. पण मी मागे हटले नाही.

"मग बूच मारून तरी काय झालं? राहिलं का ते?"

काका जिन्याच्या पायरीवर बसले. काठी गुडघ्यावर आडवी ठेवली. म्हणाले, "त्ये बी खरं."

संध्याकाळपर्यंत ते अंगणात बाभळीचा तुकडा तासत होते. नवीन बूच माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुमीच बसवा." मी बसवलं. पुढे जितके दिवस तिथं राहिले तितके दिवस एक वाटी पाण्यात तोंड धुतलं, आणि बेसिन फक्त केस विंचरताना आरसा बघायला वापरलं. मावशींच्या हाताचं पलस्तर निघालं, पण सुई धरायला मनगट पहिल्यासारखं वळेना. गोधड्यांचे टाके वाकडे पडायला लागले. तात्या अधूनमधून फोन करतात आणि आधी मावशींचा हात कसा आहे ते विचारतात, मग मला. त्या हंगामात त्यांनी मोरीची फळी काढली की नाही, मी विचारलेलं नाही.

एवढं सगळं झालं तरी माझा राग गेला नाही. सगळं जग माझ्या वडिलांसारखं आहे असं या माणसानं धरून कसं चाललं? मला एक संधी द्यायची होती. दोन वाक्यं सांगायची होती. मी ऐकलं असतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. न विचारताच त्यांनी मला वरच्यांच्या पंगतीत बसवून टाकलं, हा अन्याय आहे, आणि मी मोठमोठ्यानं हे त्यांना अनेकदा ऐकवलं. ते ऐकून घ्यायचे आणि अर्धा ग्लास पाणी पुढे करायचे.

मग संस्थेनं माझी बदली खर्ड्याला केली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हाच नवीन भाडेकरू आला. बँकेत लागलेला मुलगा, नम्र, चांगल्या घरचा, येताना मावशींच्याही पाया पडून आला. काका त्याला खोली दाखवायला दारापर्यंत आले आणि तिथंच थांबले. मी म्हटलं, यांच्यावर सोडायचं नाही. या वेळी सांगायचं. मी त्याला न्हाणीघरात नेलं आणि ती दोन वाक्यं स्वच्छ, सावकाश, वर्गात सांगते तशी सांगितली. "खाली मावशी राहतात, त्यांचा पाय अधू आहे. या बेसिनचं पाणी जोरात गेलं की त्यांच्या न्हाणीघरात चढतं आणि त्या पडतात, म्हणून आत बूच आहे, ते कधीही काढायचं नाही."

"हो हो, मॅडम," तो म्हणाला. "आपण कशाला हात लावतोय." त्याचा अंगठा मोबाईलवर चालूच होता.

मी त्याच्याकडे बघत राहिले. किती गोड बोलला होता. आमच्या बांधावर तात्याही इतकंच गोड बोलायचे.

तो सामान आणायला खाली उतरला. मी ओट्यावरची पक्कड घेतली, बेसिनखाली गुडघे टेकून बसले, सांधा काढला, बूच आणखी बोटभर आत ठोकलं आणि सांध्याचे आटे हातानं सुटणार नाहीत इतके आवळले. पक्कड पर्समध्ये टाकली. हात पुसून बाहेर आले, तोवर तो वर आला आणि तोंड धुवायला आत गेला.

"मॅडम," आतून हाक आली, "पाणी जरा सावकाश जातंय का हो?"

"चालतंय," मी म्हटलं. "थांबलेलं नाही."

काका दारात काठी टेकून उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं, सगळं ऐकलं होतं. आणि याही वेळी त्या माणसानं तोंडातून एक अक्षर काढलं नाही.